सिन्स आणि फॉर : एका जाडजूड डिक्शनरीची परीक्षा

डिक्शनरी घेताना बहुतेक लोक मलपृष्ठावरची शब्दसंख्या बघतात. मी सरळ दोन शब्द काढते, सिन्स आणि फॉर. दोन्ही इतके साधे की कोणी ते डिक्शनरीत बघायलाच जात नाही. अवघड शब्दाचा अर्थ कुठलीही डिक्शनरी बऱ्यापैकी देते, कारण अवघड शब्दाला सहसा एखादाच अर्थ असतो. दमछाक होते ती या चिल्लर शब्दांवर. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची २०२० साली आलेली दहावी आवृत्ती मी वापरते आणि हे परीक्षण तिचं आहे. मी ती अख्खी वाचलेली नाही, वाचणारही नाही. या दोन शब्दांवरून तिची जी पारख झाली तेवढीच इथे मांडते.

माझं काम पिंपळगाव बसवंतच्या बाजूला, एका द्राक्ष निर्यातदाराकडे. डॉक्युमेंटेशन बघते. जानेवारी ते एप्रिल फायटो (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला), बीएल (जहाजात माल चढल्याची पावती), पॅकिंग लिस्ट, ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवरच्या नोंदी आणि खरेदीदारांच्या मेलना उत्तरं, यात दिवस कधी मावळतो कळत नाही. शिक्षण मराठी शाळेतलं. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं २००० साली; आम्ही त्याआधीचे, एबीसीडी पाचवीत गिरवणारे. त्यामुळे इंग्रजी माझ्या अंगात मुरलेलं नाही, वापरून वापरून हाताला बसलेलं आहे. माल वेळेत सुटला आणि पैसे वेळेत आले की माझं इंग्रजी चांगलं.

आता हे दोनच शब्द का, ते सांगते. पॅकहाऊसवरून सुपरवायझर भाऊंचा मेसेज येतो : ‘ग्रेप्स इन प्रीकूलिंग सिन्स सिक्स अवर्स.’ आपल्याला लगेच कळतं, सहा तास झाले माल थंडीला लावून. पण हा मेसेज तसाच हॅम्बुर्गच्या खरेदीदाराला पाठवला तर तिकडचा माणूस थबकतो. सिन्सच्या पुढे त्याला घड्याळातली वेळ अपेक्षित असते, आणि ‘सिक्स अवर्स’ म्हणजे लष्करी पद्धतीने सकाळचे सहा असंही तो समजू शकतो. मेसेज सकाळी दहाचा असेल तर एका अर्थाने माल चार तास थंडीत आहे, दुसऱ्या अर्थाने सहा तास. द्राक्षाच्या गराचं तापमान शून्याच्या जवळ यायला सहा-आठ तास लागतात. म्हणजे हा दोन तासांचा फरक कंटेनर भरायचा की थांबायचा इथपर्यंत जातो. मी ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ लिहिते आणि मग मेल पाठवते. वाक्यातला एवढा एकच शब्द बदलायचा असतो.

आता या शब्दांचा अर्थ आपल्या बाजारात मिळणाऱ्या इंग्रजी–मराठी कोशांत बघा. सिन्स : पासून, ज्याअर्थी. फॉर : साठी, करिता, पासून, पर्यंत. यातलं एकही चूक नाही, पण त्याचा उपयोगही काही नाही. कारण मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ दोन्हीकडे पासूनच आहे. इंग्रजीला मात्र तिथे दोन वेगळे शब्द लागतात. नाशिकमधल्या एका स्पोकन इंग्लिश क्लासात तर फळ्यावर ‘सिन्स म्हणजे पासून, फॉर म्हणजे साठी’ असं लिहून विषय संपवला होता. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं आमच्याकडे कामाला लागतात आणि ‘सिन्स थ्री डेज’ लिहितात. त्यांना मी दोष देत नाही. शिकवलं तसं ती लिहितात.

ऑक्सफर्डची ही डिक्शनरी नेमकी इथे कामाला येते. सिन्स उघडलं की अर्थाच्या आधी कंसात सूचना दिसते : हा शब्द प्रेझेंट परफेक्ट किंवा पास्ट परफेक्ट काळाबरोबर वापरतात. मग अर्थ, मग उदाहरणं, आणि उदाहरणांच्या जवळच स्पष्ट ताकीद की कालावधी सांगायचा असेल तर सिन्स नको, फॉर घ्या. जो घोटाळा आपण करतो तोच पकडून त्यावर फुली मारून दाखवलेली. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा कोणीतरी आमच्या ऑफिसातले मेल वाचून हे लिहिलंय की काय असं वाटलं.

तसं नाही अर्थात. ही डिक्शनरी परदेशी शिकणाऱ्यांसाठी निघाली ती जपानमध्ये. ए. एस. हॉर्न्बी नावाचा इंग्रज शिक्षक १९२४ साली शिकवायला जपानला गेला. हॅरॉल्ड पामर तिथे इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींवर काम करत होता, हॉर्न्बी त्याच्या कामात सामील झाला. पुढे गेटनबी आणि वेकफिल्ड या दोन सहकाऱ्यांना घेऊन त्याने कोश रचला. तो छापून निघाला १९४२ साली टोकियोत, म्हणजे जपान आणि ब्रिटन एकमेकांशी लढत असताना. ऑक्सफर्डने तो पुढे १९४८ साली आपल्या नावाने काढला. या कोशाचा पाया होता वाक्यरचना. क्रियापदानंतर काय येतं आणि काय येत नाही, याचे साचेच हॉर्न्बीने ठरवून दिले होते. इंग्रजाच्या पोराला हे सांगावं लागत नाही, ते त्याच्या कानात असतं. परक्याला सांगावं लागतं. जपानी विद्यार्थी कुठे अडखळतात हे वर्षानुवर्षं बघितलेल्या मास्तराचं हे पुस्तक आहे, आणि इतक्या आवृत्त्या झाल्या तरी त्याचा तो मास्तरकीचा स्वभाव गेलेला नाही. मला तो आवडतो. काहींना तो छळतो, हेही मान्य.

आणि ‘सिन्स थ्री डेज’ हा काही एकट्या भारतीयांचा गुन्हा नाही. जर्मनमध्ये ‘जाइट’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, ‘सोमवारपासून’लाही आणि ‘तीन दिवसांपासून’लाही. फ्रेंचमध्ये ‘दप्वी’चं तसंच. त्यामुळे हॅम्बुर्गहून येणाऱ्या मेलमध्येही कधी कधी ‘वुई आर वेटिंग सिन्स टू डेज’ असतं, आणि ते वाचून आमचा नवा पोरगा स्वप्नील फार खुश होतो. ‘ताई, त्यांनीही सिन्सच लिहिलंय, मग आपलं बरोबरच ना?’ नाही रे बाबा. त्यांच्या आणि आपल्या भाषेची खोड एकच आहे, एवढंच त्यातून कळतं.

आता थोडं खोलात जाऊ, कारण इथेच डिक्शनरीचे पैसे वसूल होतात.

शाळेत आपण शिकतो : सिन्सपुढे काळाचा बिंदू, फॉरपुढे काळाची लांबी. सिन्स मंडे, फॉर थ्री डेज. नियम खरा आहे, पण ‘बिंदू’ या शब्दाने घोळ होतो. बिंदू म्हटलं की तारीख किंवा वार डोळ्यासमोर येतो. सिन्सला घटनाही चालते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. आमच्या धंद्यात ‘सिन्स द क्लोरमेक्वाट केस’ म्हटलं की पुढचं सगळं त्या प्रकरणानंतरचं. सिन्स चाइल्डहूड, सिन्स द रेन्स, सिन्स माय मॅरेज, सगळं चालतं. मागे बोट दाखवून ‘तिथून’ म्हणता आलं की झालं. पूर्ण वाक्यही चालतं : सिन्स आय जॉइन्ड. अशा वेळी सिन्सच्या पुढचं वाक्य सहसा साध्या भूतकाळात असतं आणि मुख्य वाक्य परफेक्टमध्ये, ही जोडी डिक्शनरी उदाहरणांतून दाखवते. नियम म्हणून पाठ केली असती तर मी विसरले असते. उदाहरणं दोनदा वाचली की जीभ आपोआप तशी वळते.

अंक आला की लोक फसतात. ‘सिन्स टू’ आणि ‘फॉर टू’ दोन्ही बरोबर असू शकतं. सिन्स टू म्हणजे दोन वाजल्यापासून, फॉर टू अवर्स म्हणजे दोन तास. दोन हा आकडा बिंदूही नाही आणि लांबीही नाही, त्याच्यापुढे ओक्लॉक आहे की अवर्स, यावर सगळं ठरतं.

त्याहून सूक्ष्म जागा आहे ती ‘लास्ट’ची. सिन्स लास्ट मंथ आणि फॉर द लास्ट मंथ. शब्द जवळपास तेच, पण दुसऱ्यात ‘द’ आहे आणि त्या ‘द’ने अर्थ फिरतो. समजा २५ एप्रिलला मी पेमेंटच्या तगाद्याचा मेल लिहिते आहे. ‘द पेमेंट हॅज बीन ड्यू सिन्स लास्ट मंथ’ म्हटलं तर पैसे मार्चमध्ये कधीतरी थकले, एक तारखेलाही असतील, एकतीसलाही. ‘फॉर द लास्ट मंथ’ म्हटलं तर मेलच्या तारखेपासून मागे साधारण महिनाभर, म्हणजे २५ मार्चच्या आसपास. व्याजाचा प्रश्न आला की हे दोन वेगळे हिशेब होतात. आणि आपण सर्रास लिहितो ते ‘फ्रॉम लास्ट वन मंथ’, ते यातल्या कुठल्याच घरात बसत नाही.

काळाची गोष्ट आणखी महत्त्वाची. मराठीत आपण म्हणतो, ‘मी २०१९ पासून इथे काम करते.’ करते, सरळ वर्तमानकाळ. काम चालू आहे, मग वर्तमानकाळच येणार, आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. इंग्रजी मात्र म्हणतं : सुरुवात मागे झाली आहे आणि धागा आत्तापर्यंत आला आहे, तेव्हा परफेक्ट हवा. आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९. ‘आय ॲम वर्किंग सिन्स’ हे आपल्या वाक्याला नुसता इंग्रजी सदरा चढवलेलं. सिन्सच्या बाबतीत म्हणूनच काम सोपं आहे, त्याच्याबरोबर जवळजवळ नेहमी परफेक्टच.

फॉर याबाबतीत मोकळा गडी. कुठल्याही काळात घुसतो आणि काळ बदलला की अर्थ बदलतो. ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे पाच वर्षं केलं, आता सोडलं. ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे अजून तिथेच आहे. नोकरीच्या अर्जात हा फरक चुकला तर समोरच्याला वाटतं तुम्ही मोकळे आहात आणि उद्यापासून याल. तिसरा प्रकार आमच्या शेठना बर्लिनला भेटला. दर फेब्रुवारीत तिथे फ्रूट लॉजिस्टिका हे फळ-भाजीच्या व्यापाराचं मोठं प्रदर्शन भरतं. विमानतळावर त्यांनी सांगितलं, ‘आय ॲम हिअर फॉर फोर डेज,’ आणि ते अगदी बरोबर होतं, मुक्काम चार दिवसांचा. पण तेच वाक्य प्रदर्शनाच्या शेवटी कोणा खरेदीदाराला ‘मी चार दिवस झाले आलोय’ या अर्थाने सांगितलं तर तो समजणार एकूण मुक्कामच चार दिवसांचा. आत्तापर्यंत झालेले दिवस सांगायचे तर ‘आय हॅव बीन हिअर’ पाहिजे. ॲम आणि हॅव बीन यांतच सगळी मेख आहे, फॉर बिचारा दोन्हीकडे तोच.

फॉर कधी कधी गायबही होतो. ‘आय हॅव बीन हिअर टू इयर्स’ असं इंग्रज बिनदिक्कत बोलतात. ‘ऑल डे’च्या आधी तर फॉर नकोच. सिन्सला अशी सुट्टी नाही, तो काढला की वाक्य पडतं. उलट सिन्सला एक गोष्ट जमते जी फॉरला जमत नाही : वाक्याच्या शेवटी एकट्याने उभं राहणं. ‘ही लेफ्ट इन २०१९ अँड वुई हॅव नॉट हर्ड फ्रॉम हिम सिन्स.’ तो २०१९ ला गेला, त्यानंतर पत्ता नाही. या ‘त्यानंतर’साठी पुढे काही जोडायची गरज नाही. डिक्शनरीत याची वेगळी नोंद आहे, क्रियाविशेषण म्हणून, आणि ‘एव्हर सिन्स’चीही. आमच्या ऑफिसात कोणी हा सिन्स वापरत नाही. मी वापरायला लागले, आणि मेल आपोआप एका ओळीने आखूड झाले.

पासूनचं तिसरं इंग्रजी रूप फ्रॉम, त्याचा निकाल चटकन लावते. उद्यापासून, सोमवारपासून पुढे, सकाळी नऊपासून सहापर्यंत, अशा सगळ्या ठिकाणी फ्रॉम. सिन्सला भविष्यात जाता येत नाही. ‘लोडिंग विल स्टार्ट सिन्स टुमॉरो’ असं मी वाचलेलं आहे, कुठे ते सांगत नाही.

एक मजेदार योगायोग असा की सिन्स आणि फॉर दोघांनाही ‘कारण’ असा अर्थ आहे. सिन्सचा कारणवाला अर्थ आपल्या कोशात ‘ज्याअर्थी’ म्हणून दिलेला असतो आणि कलेक्टर कचेरीचा आदेश डोळ्यासमोर येतो, पण इंग्रजीत तो तितका करकरीत नाही. ‘सिन्स यू आर हिअर, चेक द लेबल्स.’ आलाच आहेस तर लेबलं तपास. ‘आलाच आहेस तर’ हा त्याचा खरा मराठी सूर. कारण दोघांनाही आधीच माहीत असतं तेव्हा सिन्स शोभतो. फॉरचा कारणवाला अर्थ जुन्या वळणाचा, पुस्तकी, आणि तो वाक्याच्या सुरुवातीला येत नाही. आधी गोष्ट सांगायची, मग फॉर म्हणून कारण. डिक्शनरी त्यावर साहित्यिक किंवा जुनाट वापर अशा अर्थाची खूण ठेवते, ती बघून मी ठरवलं की मेलमध्ये हा फॉर वापरायचा नाही. अशा खुणा मला व्याख्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात.

सिन्सच्या या दोन अर्थांची टक्करही होते. ‘सिन्स द लॅब चेंज्ड इट्स मेथड, वुई हॅव रिपीटेड द टेस्ट.’ पद्धत बदलली म्हणून चाचणी पुन्हा केली, की बदलल्यानंतर केली? दोन्ही अर्थ निघतात. रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशांच्या, अहवालात असलं संदिग्ध वाक्य मला परवडत नाही, तिथे मी सरळ ‘बिकॉज’ लिहिते.

आता डिक्शनरीच्या उण्या बाजू. पहिली म्हणजे फॉरची नोंद. अर्थांची यादी लांबलचक : कोणासाठी, कशासाठी, कोणाच्या वतीने, कोणाच्या बाजूने, किती किमतीला, कुठे जाण्यासाठी. आपल्याला हवा तो कालावधीचा अर्थ बराच खाली सापडतो. घाईत बघणारा माणूस पहिले चार अर्थ वाचतो आणि पुस्तक मिटतो. शब्दाच्या पोटी इतके अर्थ असतील तर त्याला डिक्शनरी तरी काय करणार, हे खरं. पण सिन्सकडून फॉरकडे बोट दाखवलंय तितक्या ठळकपणे फॉरच्या नोंदीत शिरल्या शिरल्या सिन्सची आठवण होत नाही. बघायचंच असेल तर आधी सिन्स उघडा.

दुसरी उणीव मोठी आहे, पण तिला इलाज नाही. ही डिक्शनरी साऱ्या जगासाठी आहे, त्यामुळे तुमची चूक काय ते ती सांगते; ती तुमच्या हातून का होते, हे सांगू शकत नाही. मराठी माणसाच्या डोक्यात वाक्य कसं तयार होतं हे तिला ठाऊक असण्याचं कारण नाही. तेवढं काम आपल्यालाच करावं लागतं. मी स्वप्नीलला जी युक्ती दिली ती कुठल्या पुस्तकातली नाही. मराठी वाक्यात जिथे ‘पासून’ आहे तिथे ‘झाले’ घालून बघ. ‘तीन दिवसांपासून कंटेनर पडून आहे’, याचं ‘तीन दिवस झाले कंटेनर पडून आहे’ होतं का? होतं. मग फॉर. ‘सोमवारपासून पडून आहे’, याचं ‘सोमवार झाले पडून आहे’? छे. मग सिन्स. दोन वर्षं झाली, फॉर. बरेच दिवस झाले, फॉर अ लाँग टाइम. लहानपण झाले? नाही, म्हणून सिन्स. फक्त ‘लग्न झाल्यापासून’मधल्या ‘झाल्या’ने फसायचं नाही, तिथे लग्न ही घटना आहे आणि पासून शाबूत आहे. मराठीतही दोघांतला फरक आहेच, तो पासूनमध्ये दिसत नाही एवढंच.

‘बरेच दिवस’ वरून आठवलं, ‘सिन्स लाँग’. भारतीय ऑफिसांतला हा सर्वात लाडका प्रयोग असावा. ‘द मॅटर इज पेंडिंग सिन्स लाँग.’ ही डिक्शनरी त्याला दारात उभं करत नाही. तिच्यात ‘लाँग सिन्स’ आहे, पण त्याचा अर्थ निराळा : फार पूर्वीच. ‘द शिप हॅज लाँग सिन्स लेफ्ट’ म्हणजे जहाज केव्हाच गेलं. शब्द उलटे ठेवले की पेंडिंग कामाचं उरकलेलं काम होतं.

याबाबत डिक्शनरी आपल्यावर अन्याय करते का, असा वाद आमच्याकडे एकदा झाला. कारण भारतीय इंग्रजीचे शब्द ती घेते. लाख आहे, प्रीपोनसुद्धा (ठरल्या वेळेच्या अलीकडे आणणं) आहे, त्यावर भारतीय वापर अशी खूण करून. मग ‘सिन्स टू इयर्स’लाही तशी खूण करून का घेत नाहीत, कोट्यवधी लोक बोलतात की! मला हा युक्तिवाद पटत नाही. प्रीपोन म्हटल्यावर अर्थात गोंधळ होत नाही, ऐकणाऱ्याला नवा शब्द मिळतो. सिन्स सिक्स अवर्सने गोंधळ होतो. आपापसांत बोलताना खुशाल बोलावं, मीही बोलते. तिकडच्या माणसाला त्यावरून ट्रक सोडायचा असेल तेव्हा नको.

दुसऱ्या डिक्शनऱ्यांचं थोडक्यात. कोबिल्ड १९८७ साली बर्मिंगहॅममधून निघाली; ती व्याख्याच पूर्ण वाक्यात देते, ‘अमुक सांगायचं असेल तेव्हा तुम्ही सिन्स वापरता’ अशा धाटणीत. नवशिक्याला ते समोर बसून सांगितल्यासारखं वाटतं. मला या दोन शब्दांपुरती ती ऑक्सफर्डहून उजवी वाटली, बाकी व्यवहारात मात्र लांबण लागते. लाँगमनच्या १९७८ च्या पहिल्या आवृत्तीपासून व्याख्या सुमारे दोन हजार शब्दांत बसवतात, तेव्हा व्याख्येतला शब्द कळला नाही म्हणून दुसरं पान उघडायची वेळ फारशी येत नाही. तिघींपैकी कुठलीही घ्या, तुमच्या हातून सिन्स आणि फॉर सुधारतील. मी ऑक्सफर्ड ठेवली ती शब्दांवरच्या पातळीच्या खुणांमुळे. नेहमीच्या तीन हजार शब्दांना किल्लीची खूण आणि शिकणाऱ्याच्या पातळीच्या पायऱ्या, ए१ म्हणजे अगदी पहिली, तिथून पुढे. फॉरवर ए१ बघून स्वप्नील म्हणाला, ‘ताई, हा तर बालवाडीचा शब्द.’ त्याला म्हटलं, मग बालवाडीचा धडा पक्का करून ये.

पुस्तक म्हणून ते जड आहे, दीड हजारांहून जास्त पानं, कागद पातळ, मागची अक्षरं पुसटशी पुढे दिसतात. चाळिशीनंतर चष्म्याशिवाय वाचता येणार नाही. सीझनमध्ये पॅकहाऊसच्या टेबलावर ठेवली तर पानं ओल धरून फुगतात, म्हणून मी ती ऑफिसच्या कपाटात ठेवते. मी घेतली तेव्हा भारतातली आवृत्ती हजाराच्या आत मिळाली. घेताना आत ऑनलाइन प्रवेशाचा कोड आहे की नाही ते बघून घ्या, सगळ्या प्रतींसोबत तो येतो असं नाही.

पैसे घालवायचे नसतील तर ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी संकेतस्थळावर फुकट बघता येते, नोंदी तिथेही आहेत, शिवाय ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार ऐकू येतात. ते ऐकाच. फॉर हा वाक्यात क्वचितच ‘फॉर’ असा ठासून येतो. पुष्कळदा नुसता ‘फ’ किंवा ‘फर’. फोनवर रॉटरडॅमचा एजंट बोलतो तेव्हा तो फर ऐकूच येत नाही आणि ‘थ्री डेज’ तेवढं कानावर पडतं. मग आपण ‘तीन दिवसांनी’ समजून बसतो. डिसेंबर २०२३ पासून बऱ्याच कंपन्यांनी तांबडा समुद्र टाळून जहाजं केप ऑफ गुड होपवरून न्यायला सुरुवात केली, प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला, आणि अशा फोनची संख्या फार वाढली. हल्ली मी फोन ठेवायच्या आधी विचारून घेते : फॉर थ्री डेज ऑर आफ्टर थ्री डेज?

दहावी-बारावीच्या मुलाला ही डिक्शनरी मी लगेच घेऊन देणार नाही, त्याला संकेतस्थळ पुरेल. इंग्रजीत रोज पत्रव्यवहार करणाऱ्याने घ्यावी. स्वप्नील सध्या माझीच प्रत नेतो आणि सिन्सच्या पानावर त्याने पेन्सिलीने ‘झाले?’ असं लिहून ठेवलंय. न विचारता लिहिलं म्हणून बोलले त्याला, पण खोडलं नाही.